ध्येय मोठे असावे, आणि ते सर्वांचे असावे
नागपूरच्या एम्प्रेस गिरणीच्या इतिहासावरून शेतकऱ्यांच्या संस्थांनी घ्यावयाचा धडा

शेतकऱ्यांनी एकत्र यावे, आपला माल एकत्र विकावा, जमल्यास त्यावर प्रक्रिया करावी आणि मधल्या हातांत जाणारा पैसा आपल्या गावी ठेवावा, हा विचार आता नवा राहिलेला नाही. सहकारी संस्था जुन्याच आहेत. २००२ च्या दुरुस्ती कायद्याने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढण्याचीही सोय झाली. किमान दहा उत्पादक एकत्र आले की अशी कंपनी नोंदविता येते. २०२० मध्ये केंद्र शासनाने देशभर दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना हाती घेतली आणि त्यानंतर तालुक्या-तालुक्यांत नवे फलक दिसू लागले.

परंतु फलक लागला म्हणजे संस्था उभी राहिली, असे होत नाही. एकाच तालुक्यात दोन संस्था असतात. दोघींचा पाऊस एक, जमीन एक, बाजारपेठ एक आणि भांडवलही जवळपास सारखेच. तरी एक संस्था दरवर्षी थोडी वाढते, तर दुसरीचे कपाट केवळ हिशेबतपासनीस येतो तेव्हाच उघडते. असे का व्हावे? गोदाम नाही, कर्ज मिळत नाही, भाव पडले, ही कारणे सांगितली जातात व ती खरीही असतात. पण त्याहून मूळचे एक कारण पुष्कळदा नजरेआड राहते. ही संस्था नेमकी कशासाठी काढली आणि पाच वर्षांनी ती कोठे पोचावयाची आहे, हे तिच्या सभासदांना विचारले, तर प्रत्येकाकडून वेगळे उत्तर मिळते. ज्या गाडीचे बैल दोन दिशांना ओढतात, ती गाडी जागची हलत नाही.

सर्वांनी मिळून धरलेले मोठे ध्येय संस्थेला वळण कसे लावते, तिची वाढ कशी करते आणि ते ध्येय पातळ झाले की काय होते, हे समजण्यासाठी फार दूर जावयास नको. वऱ्हाड-नागपूरच्या कापसावर उभ्या राहिलेल्या एका गिरणीचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

कापसाच्या दारी गिरणी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वऱ्हाड व नागपूर भागांतील कापसाचे महत्त्व एकाएकी वाढले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आगगाडी आली. त्यानंतर येथील कापूस आगगाडीने मुंबईस, तेथून बोटीने विलायतेस जाई आणि त्याचेच कापड होऊन पुन्हा याच मुलखात विक्रीस येई. कापूस पिकविणारा शेतकरी आपल्याच कापसाचे धोतर विकत घेताना दोन्ही वेळचे भाडे, दलाली आणि गिरणीमालकाचा नफा स्वतःच्या खिशातून देत असे.

त्या वेळी देशातील बहुतेक कापड गिरण्या मुंबईत होत्या व काही अहमदाबादेत निघाल्या होत्या. जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी मात्र मुंबई सोडून नागपूर निवडले. त्यांनी लँकेशायरला जाऊन तेथील धंदा जवळून पाहिला होता. गिरणीस कापूस जवळ हवा, कोळसा व पाणी हाताशी हवे आणि तयार माल खपविण्यास रेल्वे हवी, असा त्यांचा हिशेब होता. कापूस नागपूरच्या भोवती पिकत होता, वरोऱ्याच्या बाजूस कोळसा सापडला होता आणि रेल्वे दारात आली होती. १८७४ मध्ये पंधरा लाख रुपये भांडवलाची सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. रेल्वे स्थानकाजवळची दलदलीची जमीन घेऊन ती भरून काढण्यात आली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले; त्यावरून गिरणीस एम्प्रेस हे नाव पडले. आरंभी तिच्यात सुमारे तीस हजार चात्या आणि साडेचारशे माग होते.

या धाडसावर सर्वांचाच विश्वास बसला, असे नाही. नागपूरच्या एका सावकाराने भांडवल देण्याचे नाकारले, असे चरित्रकार सांगतात. दलदल भरण्यात पैसा घालणे म्हणजे सोने मातीत पुरणे, असे त्याचे मत होते. पुढे गिरणी भरभराटीस आल्यावर त्याच सावकाराने आपली चूक मान्य केली आणि टाटांनी माती टाकून सोने काढले, अशी कबुली दिली.

ध्येय कोणते होते?

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. नुसता नफा मिळविणे हे ध्येय असते, तर ते मुंबईत अधिक सोपेपणी साधले असते. जमशेटजींनी त्यापूर्वीच चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापड गिरणी केली होती आणि दोन वर्षांत ती नफ्याने विकलीही होती. नागपूरला त्यांनी मनाशी धरलेली गोष्ट त्याहून मोठी होती. जेथे कापूस पिकतो तेथेच उत्तम सूत व कापड व्हावे आणि ते विलायती मालाच्या तोडीचे असावे, हे ते ध्येय होय.

हे ध्येय एका वाक्यात सांगता येत होते. ते पाहता व मोजता येण्यासारखे होते. ते सहजासहजी साधणारे नव्हते, पण अशक्यही नव्हते. कोणत्याही संस्थेच्या ध्येयाची पारख करताना हीच लक्षणे पाहावीत. ‘शेतकऱ्यांचा सर्वांगीण विकास’ हे शब्द नियमावलीत शोभतात, पण त्यावरून उद्या सकाळी कोणी काय करावयाचे ते कळत नाही. ज्या ध्येयावरून उद्याचे काम ठरत नाही, ते ध्येय नसून केवळ शुभेच्छा होय.

ध्येयाचे वळण कसे झाले?

मोठे बोलणे सोपे असते. रोजच्या कामात ते उतरविणे कठीण असते. एम्प्रेस गिरणीचा आरंभ चांगला झाला नाही. पहिली यंत्रे स्वस्तात घेतलेली होती. त्यांवर निघणारे सूत समाधानकारक नव्हते. अशा वेळी दोन मार्ग असतात. ध्येय खाली आणावयाचे, किंवा साधने वर न्यावयाची. चालकांनी दुसरा मार्ग धरला. खर्च सोसून जुनी यंत्रे काढली आणि चांगली बसविली. पुढे १८८० नंतरच्या दशकात सूत काढण्याची रिंग पद्धतीची नवी यंत्रे निघाली. खुद्द लँकेशायरचे गिरणीवाले त्यांचा अवलंब करण्यास बिचकत होते. नागपूरला ती आधी थोड्या प्रमाणात आणून चालवून पाहिली गेली आणि अनुभव चांगला येताच त्यांचा विस्तार करण्यात आला. नवे बियाणे आधी एका वाफ्यात घेऊन पाहणारा शहाणा शेतकरी याहून वेगळे काही करीत नाही.

माणसांची निवडही अशीच विचारपूर्वक झाली. गिरणीचे व्यवस्थापक बेजनजी दादाभाई मेहता हे पूर्वी रेल्वेच्या नोकरीत होते. गिरणीधंद्याची त्यांना माहिती नव्हती. पण ते कर्तबगार, सचोटीचे आणि शिकण्यास तयार असे गृहस्थ होते. यंत्रांचे ज्ञान असलेला ब्रुक्सबी नावाचा इंग्रज तंत्रज्ञ त्यांच्या जोडीस देण्यात आला. एकाकडे व्यवस्था, दुसऱ्याकडे तंत्र, आणि दोघांपुढे ध्येय एकच.

सर्वांत मोठी अडचण मजुरांची होती. गिरणीच्या भोंग्याची नागपूरच्या माणसास सवय नव्हती. आसपासच्या खेड्यांतून आलेली ही माणसे सणासुदीला गावी जात आणि कामावर खाडे फार पडत. त्या काळच्या रीतीप्रमाणे यावर दंड हा एकच उपाय सुचला असता. पण दंडाने माणूस हजर राहिला, तरी त्याचे मन कामात राहत नाही. एम्प्रेस गिरणीत वेगळी वाट काढण्यात आली. नियमित व चांगले काम करणाऱ्यांस समारंभपूर्वक बक्षिसे देण्यात येऊ लागली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला. १८९५ पासून कामावर अपघात झाल्यास भरपाई देण्यात येऊ लागली. त्या वेळी असे कोणतेही बंधन कायद्याने घातलेले नव्हते. गिरणीत हवेचा दमटपणा राखणारी साधने आणि आग लागल्यास पाणी शिंपडणारी योजना बसविण्यात आली. दमटपणामुळे सूत कमी तुटे आणि आगीच्या योजनेमुळे माल व माणूस दोन्ही सुरक्षित राहत.

यातील मर्म असे की, उत्तम सूत हे केवळ मालकाचे ध्येय राहिले नाही. ते साधले तर आपलाही काही लाभ आहे, हे चात्यांपुढे उभ्या राहणाऱ्या माणसास त्याच्या हातात पडणाऱ्या गोष्टींवरून कळले. भाषणाने जे झाले नसते, ते निधीच्या नोंदवहीने झाले. संस्थेचे वळण असेच लागते. सभासद किंवा कामगार काय ऐकतो यापेक्षा, कोणत्या कामाची बूज राखली जाते व कोणत्या कामाकडे डोळेझाक होते, हे तो पाहतो आणि त्याप्रमाणे वागतो.

इतिहासाची दुसरी बाजू

हा इतिहास येथेच थांबविला, तर तो अर्धाच सांगितल्यासारखे होईल. त्यातील तीन गोष्टी सावध करणाऱ्या आहेत.

पहिली गोष्ट जमिनीची. बारीक सुतासाठी लांब धाग्याचा कापूस हवा, म्हणून जमशेटजींनी इजिप्तचा कापूस या देशात पिकविण्याचा पुरस्कार केला आणि १८९६ मध्ये त्यावर एक पुस्तिकाही काढली. हेतू उत्तम होता. पण तो कापूस या देशात व्यापक प्रमाणावर रुजला नाही. यंत्र विकत आणता येते. हवामान विकत आणता येत नाही. ध्येय कितीही मोठे असले, तरी जमीन, पाऊस आणि शेतकऱ्याची ऐपत यांच्याशी त्याचा मेळ बसावयास हवा.

दुसरी गोष्ट अधिकाराची. गिरणीत कामगारास लाभात वाटा मिळाला, पण निर्णयात मिळाला नाही. ध्येय वरून ठरले होते. कामगाराने ते स्वीकारावयाचे होते. नागपूरच्या गिरण्यांत पुढे विसाव्या शतकात संपही झाले. जेथे एक ठरवितो आणि हजार पाळतात, तेथे ध्येय कितीही चांगले असले, तरी ते पूर्णपणे सर्वांचे होत नाही.

तिसरी गोष्ट नूतनीकरणाची. जी गिरणी एके काळी नव्या यंत्रांत लँकेशायरच्या पुढे होती, तिची यंत्रे पुढील शतकात जुनी झाली. कापडाचा धंदा बदलला. यंत्रमाग व कृत्रिम धागा आले. शंभर वर्षे पुरी केल्यानंतर ही गिरणी अडचणीत सापडली, राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आता व्यापारी संकुल उभे आहे. हजारो कुटुंबांची चूल ज्या भोंग्यावर पेटत होती, तो भोंगा थांबला. आजोबांच्या ध्येयावर नातवाची संस्था चालत नाही. प्रत्येक पिढीने तेच ध्येय आपल्या काळाच्या भाषेत पुन्हा मांडावे लागते आणि त्यासाठी साधने पुन्हा नवी करावी लागतात.

मालक आणि सभासद एकच असेल तर

निर्णयातील वाट्याचा जो प्रश्न गिरणीत सुटला नाही, त्याचे उत्तर महाराष्ट्राच्याच दुसऱ्या टोकास शेतकऱ्यांनी शोधले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी उसाच्या शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना काढण्याचे मनावर घेतले. साखर कारखाना शेतकरी चालवू शकेल, ही गोष्ट त्या वेळी पुष्कळांना हास्यास्पद वाटत होती. विखे पाटील स्वतः शेतकरी होते. गावोगाव हिंडून त्यांनी भाग भांडवल गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी त्यांस साथ दिली व कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले. १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची रांग लागली.

येथे ऊस घालणारा आणि कारखान्याचा मालक एकच होता. आज उत्पादक कंपनीच्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. व्यक्ती सभासद असलेल्या कंपनीत भाग कितीही असोत, मत एकच असते. ज्याने जितका माल संस्थेस दिला, त्या प्रमाणात त्यास बोनस देता येतो. एम्प्रेस गिरणीच्या कामगारास जे मिळाले नव्हते, ते शेतकऱ्याच्या हाती कायद्याने दिलेले आहे. आता प्रश्न उरतो तो ते वापरण्याचा.

कापूस उत्पादकांच्या संस्थेचे उदाहरण

आता हा धडा गावात कसा उतरवावयाचा ते पाहू. शंभर सभासदांची एक संस्था आहे आणि प्रत्येक सभासदाकडे सरासरी १० क्विंटल कापूस होतो, असे समजा. एक क्विंटल कापसापासून साधारणपणे ३४ ते ३५ किलो रुई निघते. उरलेला भाग मुख्यतः सरकीचा असतो. रुईची एक गाठ १७० किलोची धरतात. म्हणजे एका गाठीस सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. एकट्या शेतकऱ्याचा माल दोन गाठींचा होतो. दोन गाठींसाठी कोणतीही सूतगिरणी त्याच्याशी बोलणी करणार नाही. शंभर जणांचा मिळून माल दोनशे गाठींचा होतो आणि तेथून बोलणी सुरू होऊ शकतात.

अशा संस्थेने पुढील ध्येय ठरवावे : ‘पाच वर्षांत आपल्या गावचा सर्व कापूस एकाच धागालांबीचा, स्वच्छ वेचलेला, गाठी बांधून विकावयाचा आणि सरकी आपल्या हाती ठेवावयाची.’ हे ध्येय एका वाक्याचे आहे, मोजता येते, कठीण आहे आणि शक्यही आहे. त्यावरून प्रत्येकाचे काम कसे ठरते, ते असे :

१. पेरणीपूर्वी. सर्वांनी मिळून एकाच धागालांबीचे, जमिनीस मानवणारे एक किंवा दोन वाण निवडावेत. निवडीपूर्वी कृषी विद्यापीठाचा किंवा नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सल्ला घ्यावा. वेगवेगळ्या लांबीचा धागा एका गाठीत मिसळला, की चांगल्या मालासही हलक्या मालाचा भाव येतो.

२. वेचणी. सकाळचे दव उडाल्यावर, पूर्ण उमललेल्या बोंडांतील कापूस वेचावा. पालापाचोळा लागू देऊ नये. कवडी व पावसाने डागाळलेला कापूस वेगळा ठेवावा. ओटीसाठी व साठवणीसाठी सुती कापड वापरावे. खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्यांचे धागे कापसात मिसळले, तर ते थेट कापडात उतरतात. कापूस नीट वाळवूनच द्यावा. ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास असावा, १२ टक्क्यांच्या वर जाऊ नये.

३. हंगामाचा शेवट. डिसेंबरअखेर सर्व शिवारातील पीक संपवावे, फरदड घेऊ नये आणि पऱ्हाटीची विल्हेवाट लावावी. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात जे नुकसान केले, ते अजून विसरलेले नाही. एकाच्या शेतात उभी राहिलेली फरदड पुढल्या वर्षी दहा जणांच्या शेतांत अळी पोचविते. येथे एकट्याचा शहाणपणा उपयोगी पडत नाही. ठरविले तर सर्वांनीच पाळावे लागते.

४. वजन व हिशेब. सभासदाच्या देखत वजन व्हावे, त्याच वेळी पावती मिळावी आणि प्रत्येक महिन्याच्या ठरलेल्या दिवशी जमाखर्च चावडीवर वाचून दाखवावा.

वेचणाऱ्या बाईचा वाटा

वरील चार कामांपैकी दुसऱ्यात एक खोच आहे. तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर सगळी योजना कोसळते. कापूस वेचण्याचे काम बहुतेक ठिकाणी स्त्रिया करतात आणि त्यांस मजुरी किलोवर मिळते. स्वच्छ वेचावयाचे म्हटले की वेळ अधिक लागतो आणि वजन कमी भरते. म्हणजे संस्थेचे ध्येय जितके चांगले पाळावे, तितकी त्या बाईची मजुरी घटते. मग तिने ते का पाळावे? सभेत ठराव झाला, चांगल्या कापसाच्या घोषणा भिंतीवर लिहिल्या, तरी ओटीत पाला येतच राहील. आणि दोष मात्र तिच्या हलगर्जीपणास दिला जाईल.

यावर उपाय साधा आहे. स्वच्छ वेचणीस किलोमागे अधिक दर ठरवावा. गाठी विकल्यावर जो जादा भाव मिळेल, त्यातील काही हिस्सा वेचणी करणाऱ्या स्त्रियांस द्यावा आणि तो किती ते वेचणी सुरू होण्यापूर्वीच जाहीर करावे. वर्षअखेरच्या सभेत सर्वांत स्वच्छ कापूस देणाऱ्या शेतकऱ्याबरोबर तो वेचणाऱ्या बाईचाही सत्कार करावा. एम्प्रेस गिरणीने खाड्यांवर दंडाऐवजी बक्षिसाचा उपाय का केला, ते येथे समजते. ज्याच्या हातून ध्येय साधावयाचे, त्यास ते साधल्याने तोटा होता कामा नये. आपल्या संस्थेत असा तोटा कोणास होतो, हे शोधणे हीच चालकांची पहिली कसोटी होय.

ध्येय ठरविण्याची रीत

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी ध्येय स्वतः लिहून सभेपुढे मंजुरीस ठेवू नये. तसे केल्यास हात वर होतात, पण मने वर होत नाहीत. पुढील क्रम उपयोगी पडेल.

पहिल्या सभेत केवळ एकच प्रश्न विचारावा : आपल्या मालाचे गावाबाहेर गेल्यावर काय होते आणि प्रत्येक टप्प्यावर किंमत किती वाढते? शक्य असल्यास चार-पाच सभासदांनी, त्यांत एक-दोन स्त्रियांसह, जिनिंग कारखाना व सूतगिरणी प्रत्यक्ष पाहून यावी आणि सभेत सांगावे. स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर शेतकऱ्याचा जितका विश्वास बसतो, तितका छापील पत्रकावर बसत नाही. दुसऱ्या सभेत पाच वर्षांनी कोठे पोचावयाचे, यावर मोकळी चर्चा व्हावी. विरोध करणाऱ्यास आधी बोलू द्यावे. नागपूरच्या त्या सावकारासारखी शंका घेणारा माणूस प्रत्येक गावात असतो आणि त्याच्या शंकेतूनच योजनेतील कच्चे दुवे कळतात. तिसऱ्या सभेत ध्येयाचे एक वाक्य सर्वांच्या बोलीत लिहावे आणि त्याखाली पहिल्या वर्षी करावयाच्या तीनच गोष्टी लिहाव्यात. तीनांहून अधिक लिहिल्या, की एकही होत नाही.

पहिल्या वर्षीचे काम लहान असावे. सर्व शंभर जणांचा कापूस एकदम गोळा करण्यापेक्षा वीस जणांचा स्वच्छ कापूस वेगळा ठेवून, त्याच्या गाठी बांधून विकून पाहावे. हिशेब फायद्याचा निघाला तर तो वाचून दाखवावा. तोट्याचा निघाला तर तोही वाचून दाखवावा. लपविलेला तोटा संस्थेस जितका मारतो, तितका सांगितलेला मारीत नाही.

ध्येयास लागणारी कीड

ज्याप्रमाणे उभ्या पिकास कीड लागते, त्याप्रमाणे संस्थेच्या ध्येयासही लागते. तिची लक्षणे वेळीच ओळखावीत. भाव थोडा चढला की सभासद संस्थेस माल देण्याऐवजी बाहेर विकतात आणि भाव पडला की संस्थेकडे आणतात. ही पहिली खूण होय. असे करणाऱ्या सभासदावर रागावण्यापूर्वी, संस्थेने पैसे देण्यास उशीर तर केला नाही ना, हे पाहावे. ज्यास मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी पैसा आजच हवा आहे, तो पाच वर्षांच्या ध्येयासाठी दोन महिने थांबू शकत नाही. माल घेतेवेळी काही रक्कम रोख देण्याची व्यवस्था झाली, तर यातील बराच भाग आपोआप थांबतो.

चालकांच्या नातलगांचा माल न पाहता पहिल्या प्रतीत घेतला जाणे, ही दुसरी खूण. ही कीड सर्वांत वाईट. कारण एका पोत्याच्या पक्षपाताने शंभर सभांचे काम पुसले जाते. सभेत तीच चार माणसे बोलत राहणे, ही तिसरी. आणि ध्येयाचे वाक्य कोणालाही न आठवणे, ही शेवटची. कार्यकर्त्याने अधूनमधून एखाद्या सभासदास, शक्यतो सर्वांत लहान शेतकऱ्यास, सहज विचारावे की आपली संस्था कशासाठी आहे. त्याने आपल्या शब्दांत बरोबर उत्तर दिले, तर संस्था निरोगी आहे, असे खुशाल समजावे.

सारांश

शेतकऱ्यांच्या संस्थेस भांडवल, गोदाम व बाजारपेठ यांची गरज आहेच. पण ही साधने एका दिशेने लावणारी गोष्ट म्हणजे सर्वांनी मिळून धरलेले मोठे ध्येय होय. ते एका वाक्यात सांगता येणारे, मोजता येणारे आणि आपल्या जमिनीस मानवणारे असावे. ते ठरविण्यात सर्वांचा आवाज असावा आणि ते साधल्यावर सर्वांस, वेचणाऱ्या मजूर स्त्रीसही, वाटा मिळावा. त्यावरून रोजचे नियम ठरावेत, ते लहान-मोठ्या सर्वांना सारखे लागू असावेत आणि काळ बदलेल तसे ते पुन्हा तपासले जावेत.

दीडशे वर्षांपूर्वी नागपूरच्या दलदलीत एक गिरणी उभी राहिली. पुष्कळ काळ ती वाढली आणि शेवटी बंदही पडली. ती ज्यावर उभी होती, तो कापूस अजून याच काळ्या जमिनीत पिकत आहे. त्याचे सूत, सरकी व गाठ यांचा लाभ गावातच राहावा, हे काम अजून पुरे झालेले नाही. येत्या पेरणीपूर्वी गावच्या संस्थेने एक सभा घेऊन एवढाच प्रश्न पुढे ठेवावा : पाच वर्षांनी आपला कापूस गावाबाहेर कोणत्या रूपात जावा, असे आपणा सर्वांस वाटते? उत्तर एक झाले, म्हणजे कामास खरी सुरुवात झाली.